हप्ता गेला कुठं, भरपाई आली कधी

धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात शिकलेल्या पिढ्यांना एक गोष्ट ठाऊक असते. कॉलेजची जुनी भव्य इमारत मुळात कॉलेजसाठी बांधलेलीच नव्हती. ती सदर्न मराठा रेल्वेची कचेरी होती. १८८२ साली निघालेल्या या कंपनीचं मुख्यालय धारवाडला होतं. १९०८ साली ही कंपनी आणि मद्रास रेल्वे एकत्र झाल्या, साहेब लोक मद्रासला गेले आणि पुढे त्या वास्तूत कॉलेज आलं. ही रेल्वे या भागात का आली, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. ती आली दुष्काळामुळे.

१८७६ ते ७८ या काळातल्या दुष्काळानं धारवाड जिल्हा उजाड केला. १८७२ आणि १८८१ या दोन जनगणनांच्या मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या एक लाखाहून जास्त घटली. माणसं मेली, उरलेली परागंदा झाली. या आपत्तीनंतर व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या सरकारनं ठरवलं की दरवर्षी दीड कोटी रुपये दुष्काळासाठी बाजूला काढायचे. या तरतुदीला नाव दिलं ‘दुष्काळ विमा’. पैसा उभा करण्यासाठी व्यापारधंद्यांवर परवाना कर बसला, काही प्रांतांत जमिनीवर उपकर बसला. म्हणजे हप्ता रयतेनं भरायचा, विमा सरकारनं सांभाळायचा आणि दुष्काळ पडला की त्यातून लोक जगवायचे. कागदावर योजना नेटकी होती. पण लवकरच दुसरं अफगाण युद्ध पेटलं आणि सरकारनं हा पैसा ठरल्या कामाला लावला नाही. देशी वृत्तपत्रांनी त्यावर झोड उठवली. नंतरच्या काळात या तरतुदीतून कालवे झाले, कर्ज फिटलं, दुष्काळी भागात धान्य पोचवणाऱ्या रेल्वेमार्गांना आधार मिळाला. सदर्न मराठा रेल्वेच्या उभारणीमागेही हाच विचार होता.

विमा आणि विकास यांचं नातं काय, या प्रश्नावर गेल्या साठ वर्षांत अर्थशास्त्रज्ञांनी पुष्कळ लिहिलं आहे. त्या चर्चेचा सगळा पेच या जुन्या घटनेत आधीच दिसतो. विम्यात पैशाचे दोन प्रवास असतात. एक हप्त्याचा, लोकांकडून संस्थेकडे. दुसरा भरपाईचा, संस्थेकडून लोकांकडे. विकास यांतल्या नेमक्या कोणत्या प्रवासातून होतो? भारतात पाऊणशे वर्षं पहिल्या प्रवासावर भर राहिला. दुसऱ्याकडे लक्ष फार उशिरा गेलं, आणि ते वळवण्यात एका मराठी अर्थशास्त्रज्ञाचा वाटा मोठा आहे.

पहिल्या प्रवासाची कहाणी मुंबईत सुरू होते. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी विमा कंपन्या हिंदी माणसाचा विमा उतरवत नसत, आणि उतरवलाच तर जादा हप्ता घेत. १८७० साली मुंबईत बॉम्बे म्युच्युअल ही संस्था निघाली आणि तिनं हिंदी माणसाला साधारण दरानं विमा दिला. पुढे स्वदेशीच्या लाटेत आणखी एक मुद्दा पुढे आला. इथल्या मध्यमवर्गानं पोटाला चिमटा काढून भरलेले हप्ते लंडनला जाणार, तिथल्या उद्योगांत गुंतणार, आणि इथले कारखाने भांडवलाविना अडून राहणार, हे थांबलं पाहिजे. साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुल्यांनी १९१३ साली वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी काढली. १९३६ साली युनायटेड वेस्टर्न बँकही त्यांनीच काढली. एका माणसानं आधी विमा कंपनी आणि मग बँक काढावी, हा योगायोग नाही. त्या पिढीच्या लेखी दोन्हींचं काम एकच होतं. गावोगावी विखुरलेली बचत गोळा करायची आणि ती इथेच उपयोगात आणायची.

या विचाराचा कळस गाठला तोही एका मराठी माणसानं. १९ जानेवारी १९५६ च्या रात्री अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आकाशवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. १५४ भारतीय कंपन्या, १६ विदेशी कंपन्या आणि ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या, अशा एकूण २४५ संस्था एका महामंडळात आल्या आणि १ सप्टेंबरला एलआयसी सुरू झाली. तोवर देशमुख मंत्रिमंडळात नव्हते. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी राजीनामा दिला होता. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. ज्या वर्षी इथल्या माणसाचं राज्य बदललं, त्याच वर्षी त्याची विमा पॉलिसीही सरकारी झाली.

दुसरी पंचवार्षिक योजना नुकतीच सुरू झाली होती. राष्ट्रीयीकरणामागे दोन विचार होते. खासगी कंपन्यांतल्या गैरव्यवहारांपासून विमेदाराचा पैसा वाचवायचा आणि तो राष्ट्रबांधणीला लावायचा. पुढची अनेक वर्षं एलआयसीनं सरकारी रोखे घेतले, राज्यांच्या वीज मंडळांना कर्जं दिली, पाणीपुरवठा आणि घरबांधणीला पैसा पुरवला. खेड्यातल्या मास्तरानं दर तिमाहीला भरलेल्या हप्त्यातून विजेचे खांब उभे राहिले, असं म्हटलं तर ते वावगं होणार नाही. हे काम मोठं होतं. त्याचं महत्त्व कमी लेखून चालणार नाही.

पण धोकाही लगेच दिसला. १९५७ साली एलआयसीनं उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले. फिरोज गांधींनी लोकसभेत प्रश्न विचारले, मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांचा एकसदस्यीय आयोग बसला, त्याची सुनावणी मुंबईत जाहीरपणे झाली आणि १९५८ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना पायउतार व्हावं लागलं. महामंडळ दीड वर्षाचंही झालं नव्हतं. पैशाची थैली मोठी झाली की तिच्याकडे वळणारे हातही वाढतात, हे लिटनच्या काळात दिसलं होतं. स्वराज्यातही ते दिसलं. फरक एवढाच, आणि तो फार मोलाचा, की स्वराज्यात त्याचा जाब विचारता आला.

१९६४ साली जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांची व्यापार आणि विकास परिषद पहिल्यांदा भरली. आर्थिक वाढीसाठी देशाची स्वतःची विमा आणि पुनर्विमा बाजारपेठ असणं आवश्यक आहे, हे तिथं औपचारिकरीत्या मान्य झालं. आफ्रिका-आशियातले नवस्वतंत्र देश आपापली विमा महामंडळं उभारत होते, त्यांना हे पाठबळच वाटलं. दोन वर्षांनी ह्यू पॅट्रिक या अर्थशास्त्रज्ञानं एक साधा प्रश्न टाकला. गरीब देशात वित्तसंस्था वाढीच्या मागून येतात, की पुढे राहून वाढीला ओढतात? विम्यालाही हाच प्रश्न लागू होता. श्रीमंत देशांत विमा जास्त असतो हे खरंच आहे. पण माणूस श्रीमंत झाला म्हणून विमा घेतो, की विमा असल्यामुळे श्रीमंत होतो?

पुढे बरीच आकडेमोड झाली. त्यात मार्को अरेना यांचा २००८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास वारंवार उद्‌धृत होतो. पन्नासहून अधिक देशांची १९७६ ते २००४ पर्यंतची आकडेवारी त्यांनी तपासली. आयुर्विम्याचा वाढीवरचा परिणाम मुख्यतः श्रीमंत देशांत दिसला. आग, अपघात, माल, पीक अशा साधारण विम्याचा परिणाम मात्र विकसनशील देशांतही दिसला. हा निष्कर्ष भारतीय वाचकानं थांबून वाचावा असा आहे. आपल्याकडे विमा म्हटलं की एलआयसीचा एजंट, करसवलत आणि मॅच्युरिटीची रक्कम डोळ्यांपुढे येते. बचत गोळा करणारा तो विमा. पण गरीब देशाची चाकं ज्या विम्यानं जास्त हलतात, तो धंद्याची आणि शेतीची जोखीम उचलणारा विमा आहे.

शेतीची जोखीम विम्यात बसवायची कशी, हा विचार कर्नाटकात फार आधी झाला होता. म्हैसूर संस्थानच्या सेवेतले जे. एस. चक्रवर्ती यांनी १९१५ पासून लेख लिहून आणि १९२० साली पुस्तक काढून पावसाच्या विम्याची योजना मांडली. प्रत्येक शेताचं नुकसान मोजत बसायचं नाही. त्या भागात पाऊस ठरल्यापेक्षा कमी पडला, की तिथल्या सगळ्या विमेदारांना भरपाई द्यायची. पर्जन्यमापक लबाडी करत नाही, आणि शेतकऱ्यालाही मुद्दाम पीक बुडवून फायदा नाही. योजना अंमलात आणण्याजोगी होती, पण ती पुस्तकातच राहिली. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. इथं वेगळाच प्रयोग चालला होता. गदगजवळच्या कणगिनहाळ या गावी, म्हणजे तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यातच, १९०५ साली सिद्धनगौडा सण्णरामनगौडा पाटलांनी सहकारी पतसंस्था स्थापन केली. देशातल्या अगदी पहिल्या सहकारी पतसंस्थांत तिची गणना होते. सावकाराच्या दारी न जाता गावानं गावाला सावरावं, हा तिचा पाया. पण सगळं गाव एकाच पावसावर अवलंबून असेल, तर दुष्काळात सगळेच एकदम बुडतात. सहकारी पतपेढीची ही मर्यादा होती, आणि तिला उत्तर चक्रवर्तींकडे होतं. दोन विचार एकमेकांपासून शे-दीडशे कोसांवर उभे होते, त्यांची गाठ मात्र पडली नाही.

स्वातंत्र्यानंतर पीकविम्याची फाईल अनेकदा उघडली आणि बंद झाली. १९७० च्या दशकाच्या आरंभी धरम नारायण समितीनं पीकविमा व्यवहार्य नाही असा निर्वाळा दिला. तरीही १९७२-७३ पासून गुजरातेत एच-४ या संकरित कापसासाठी एक प्रयोग झाला आणि नंतर तो कर्नाटक, महाराष्ट्रासह इतर काही राज्यांत नेला. त्यात प्रत्येक शेतकऱ्याचं नुकसान वेगळं मोजायचं होतं. १९७८-७९ पर्यंत जेमतेम ३,११० शेतकरी आले, हप्ता जमला ४ लाख ५४ हजार आणि भरपाई द्यावी लागली ३७ लाख ८८ हजार. प्रयोग गुंडाळला गेला.

याच सुमारास पुण्याच्या गोखले संस्थेचे संचालक वि. म. दांडेकर यांनी १९७६ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त पीकविम्यावर लेख लिहिला. दांडेकरांनी नीळकंठ रथांबरोबर १९७१ साली देशातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला होता, त्यामुळे गरिबाच्या घरात एका वाईट हंगामाचा अर्थ काय होतो हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. त्यांचं उत्तर चक्रवर्तींच्या वाटेनं जाणारं होतं. शेतकरी नव्हे, तर एकसारखं हवामान आणि जमीन असलेला प्रदेश हाच विम्याचा घटक धरा. सरकार पीककापणी प्रयोग करतंच, त्याचे आकडे वापरा. त्या प्रदेशाचं सरासरी उत्पादन घसरलं, तर तिथल्या सर्व विमेदारांना त्याच प्रमाणात भरपाई द्या. १९७९ ची प्रायोगिक योजना या विचारावर उभी राहिली. १९८५ ची सर्वंकष पीकविमा योजना, १९९९ ची राष्ट्रीय योजना आणि २०१६ ची प्रधानमंत्री पीकविमा योजना, या तिन्हींचा कणा दांडेकरांचाच आहे.

हा विचार शेतात कसा उतरतो ते पाहण्यासारखं आहे. धारवाड जिल्ह्यात खरिपाचा मूग काढणीला आला की एखाद्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत प्रयोगासाठी शेतं निवडली जातात. आवडीनं नव्हे, चिठ्ठी काढल्यासारखी, यादृच्छिक आकड्यांवरून. शेतात ठरलेल्या मापाचा चौकोन आखतात, कोपऱ्यांवर खुंट्या ठोकतात, दोरी ताणतात. त्या चौकोनातलंच पीक कापायचं, झोडायचं, तागडीवर घालायचं. नोंद मोबाईलवर जाते, सोबत फोटो. प्रमुख पिकाला ग्रामपंचायत हा घटक असेल तर असे चार प्रयोग. गेल्या ७ वर्षांतली सर्वोत्तम ५ वर्षं घेऊन सरासरी काढतात, तिला जोखीमस्तरानं गुणतात आणि उंबरठा उत्पादन ठरतं. समजा ते हेक्टरी ५ क्विंटल आहे आणि यंदाची सरासरी ३ क्विंटल भरली. तूट ४० टक्के. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ३० हजार असेल, तर गावातल्या प्रत्येक विमेदाराला १२ हजार. ज्याच्या शेतात एकच क्विंटल आला त्यालाही १२ हजार, ज्याला पाच आला त्यालाही १२ हजार.

तक्रार इथेच सुरू होते, आणि ती खोटी नाही. या जिल्ह्याच्या पश्चिमेला कलघटगी-अळणावर मलनाडाच्या पावसाचं, भाताचं. पूर्वेला नवलगुंद-अण्णिगेरी काळ्या रानाचं, कापूस, मूग, हरभरा आणि शाळूचं. काही तासांच्या अंतरात दोन ऋतू बदलतात. घटक मोठा धरला, तर एकाचं नुकसान दुसऱ्याच्या सरासरीत बुडून जातं. म्हणून तालुक्यावरून होबळीवर, होबळीवरून ग्रामपंचायतीवर येणं ही दांडेकरांच्या कल्पनेला फाटा देणं नव्हे. एकसारखा प्रदेश म्हणजे काय, याचा तो प्रामाणिक शोध आहे. मात्र घटक जितका लहान तितके प्रयोग जास्त, आणि तितकी माणसं, तितका वेळ. हा पेच अजून सुटलेला नाही.

दुसरा दोष जास्त गंभीर होता. १९८५ ची योजना पीककर्जाला बांधलेली होती. कर्ज घेतलं की हप्ता कापलाच जायचा, भरपाई आली की आधी कर्जखात्यात वळती व्हायची. १९९९ पर्यंत ७ कोटी ६३ लाख शेतकऱ्यांना तिचं संरक्षण मिळालं. हप्ता जमला सुमारे ४०४ कोटी, भरपाई गेली सुमारे २,३०३ कोटी. ही रक्कम वाया गेली असं म्हणता येणार नाही. तिच्यामुळे सहकारी बँका तगल्या आणि पुढच्या हंगामाचं कर्ज वाहतं राहिलं. पण शेतकऱ्याला विमा कधी जाणवलाच नाही. पासबुकातली ती एक नोंद होती. २०२० च्या खरिपापासून कर्जदारांनाही प्रधानमंत्री पीकविमा योजना ऐच्छिक झाली, तेव्हा पहिल्यांदा प्रश्न थेट त्याच्यापुढे आला. घ्यावा की न घ्यावा?

याचं उत्तर जगात दोन ठिकाणच्या प्रयोगांनी दिलं आहे. २००३ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या महबूबनगरला बेसिक्स ही सूक्ष्मवित्त संस्था आणि आयसीआयसीआय लोम्बार्ड ही विमा कंपनी यांनी लहान शेतकऱ्यांना पावसाचा विमा विकायला सुरुवात केली. चक्रवर्तींची कल्पना सुमारे नव्वद वर्षांनी बाजारात आली. नंतर आंध्रात संशोधकांनी तपासलं, तेव्हा विमा मिळालेले शेतकरी एरंडी आणि भुईमूग अशा, पावसावर हेलकावणाऱ्या पण पैसा देणाऱ्या पिकांकडे वळलेले दिसले. उत्तर घानामध्ये डीन कार्लन, ख्रिस्तोफर उड्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही शेतकऱ्यांना रोख रक्कम दिली, काहींना पावसाचा विमा. शेतीवरचा खर्च आणि लागवड विम्यानं जास्त वाढली. हातातली रोकड नव्हे, तर ‘बुडालो तर काय’ ही भीती गुंतवणूक अडवून धरत होती. आणखी एक गोष्ट त्यांना दिसली. ज्याला किंवा ज्याच्या ओळखीच्याला आदल्या वर्षी भरपाई मिळाली, तो पुढच्या वर्षी विमा जास्त घेत होता.

विमा आणि विकास यांचा दुवा नेमका इथे आहे. नवलगुंदचा शेतकरी दोन एकर जास्त कापूस लावेल की नाही, महाग बियाणं घेईल की घरचंच पेरेल, हे भरपाई मिळण्याच्या खात्रीवर ठरतं. त्यानं भरलेला हप्ता सरकारी रोख्यात गुंततो की शेअरमध्ये, याचा त्याच्याशी संबंध फार दूरचा.

आजारपणातही हेच दिसलं. २००३ साली कर्नाटकात यशस्विनी योजना प्रत्यक्ष सुरू झाली. सहकारी संस्थांच्या सभासदांसाठी महिन्याला ५ रुपये, वर्षाला ६० रुपये भरून शस्त्रक्रियेचं संरक्षण. हृदयशल्यविशारद डॉ. देवी शेट्टींची ही कल्पना. गावोगावच्या सोसायट्यांनी सभासद गोळा केले, त्यामुळे पहिल्याच वर्षी १६ लाखांच्या आसपास लोक आले. कणगिनहाळच्या परंपरेतली सोसायटी इथं विम्याच्या कामी आली. मध्ये ही योजना राज्याच्या आरोग्य योजनेत मिसळली गेली, २०२२ साली पुन्हा वेगळी सुरू झाली. याच्याच जोडीला २०१० पासून वाजपेयी आरोग्यश्री योजना उत्तर कर्नाटकातल्या दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना टप्प्याटप्प्यानं लागू झाली आणि दक्षिणेत काही काळ नव्हती. संशोधकांनी योजना असलेल्या आणि नसलेल्या भागांच्या सीमेवरच्या ५७२ गावांची तुलना केली. २०१४ साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, योजनेतल्या आजारांनी होणारे गरिबांचे मृत्यू योजना असलेल्या गावांत लक्षणीय कमी आणि इस्पितळाचा खर्चही कमी दिसला. घरातल्या कर्त्या माणसाचं ऑपरेशन म्हणजे जमीन गहाण, हे समीकरण जिथं मोडतं तिथं त्या घरातली मुलं शाळेत टिकतात आणि बैलजोडी विकावी लागत नाही.

भारतात मात्र विम्याची प्रगती अजूनही हप्त्यांवरून मोजली जाते. सकल देशांतर्गत उत्पादनाच्या तुलनेत एकूण हप्ते २००१-०२ मध्ये २.७१ टक्के होते, २०२३-२४ मध्ये ३.७ टक्के. त्यातही मोठा भाग आयुर्विम्याचा. २०४७ पर्यंत सर्वांना विमा हे नियामकाचं ध्येय आहे. २०२५ च्या सप्टेंबरपासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्यावरचा जीएसटीही गेला. ही पावलं चांगलीच आहेत. पण हप्त्यांचा आकडा वाढला तरी त्यातून इतकंच कळतं की पहिला प्रवास जोरात चालू आहे.

काळ्या रानात मूग निघतो तो पावसाळा संपायच्या आत, आणि त्याच रानात हरभऱ्याची, शाळूची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. खरिपाच्या नुकसानीचा पैसा रब्बीच्या पेरणीआधी आला तर तो भांडवल असतो. पुढच्या उन्हाळ्यात आला तर तोवर सावकाराचं व्याज चढलेलं असतं. भरपाई उशिरा देणाऱ्या कंपनीला आणि हप्त्यातला आपला वाटा उशिरा देणाऱ्या राज्याला १२ टक्के व्याजाची तरतूद २०१८ पासून नियमांत आहे. तिची अंमलबजावणी गावाच्या डोळ्यांदेखत झाली पाहिजे. कोणत्या हंगामाचा पीककापणी अहवाल कधी गेला, सरकारचा वाटा कधी भरला, कंपनीनं भरपाई कोणत्या तारखेला खात्यात घातली, हे तीन दिनांक प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर कन्नडमध्ये आणि जिथं मराठी वस्ती आहे तिथं मराठीतही लिहिले जावेत. विमा नियामकाच्या वार्षिक अहवालात हप्त्यांच्या टक्केवारीच्या आधी हे दिनांक जिल्हावार छापले जावेत. हुबळी-धारवाडच्या वाचकांनी ही मागणी आपल्या ग्रामसभेत आणि आपल्या आमदार-खासदारांपुढे मांडावी.